डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर: ग्राफिक्स कार्ड शेवटी घ्या, आधी मशीन नीट करा

बँका, कॉल सेंटर आणि आयटी कंपन्यांनी काढून टाकलेले डेलचे ऑप्टिप्लेक्स ९०२० सध्या मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत आणि ऑनलाइन रिफर्बिश्ड विक्रेत्यांकडे सहज मिळतात. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये कुठलं तरी ग्राफिक्स कार्ड खोचून ती ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकली जातात. घरी आणल्यावरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गेम उघडायलाच दोन-तीन मिनिटं लागतात, गाडी वळवली की चित्र अडकतं, अर्ध्या तासाने पंखा ओरडायला लागतो आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) निम्म्यावर येतो. गिऱ्हाईक कार्ड बदलतं, तरी तक्रार तशीच राहते. कारण यातली निम्मीअधिक दुखणी कार्डाची नसतातच.

निकाल आधीच सांगून टाकतो. मिनी टॉवर कॅबिनेट, आय७-४७७० किंवा आय७-४७९० प्रोसेसर, दोन पट्ट्यांत मिळून १६ जीबी रॅम, साटा केबलने जोडायची एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) आणि ७५ वॅटच्या आतलं कार्ड एवढं जमलं, तर २०१३ सालचं हे मशीन आजही पैसे वसूल करून देतं. हेच मशीन आय५, ८ जीबीची एकच पट्टी आणि ५०० जीबीची मूळ हार्ड डिस्क अशा अवस्थेत मिळालं, तर त्यावर कितीही चांगलं कार्ड लावा, गेम अडकतच राहणार.

बांधणीबद्दल डेलला पूर्ण गुण. क्यू८७ चिपसेट, एलजीए ११५० सॉकेट, डीडीआर३ रॅमच्या चार खाचा (३२ जीबीपर्यंत), कार्डासाठी प्रोसेसरकडून थेट येणारा पीसीआयई ३.० चा सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट) स्लॉट. बाजूचं झाकण एका खटक्यात निघतं, डिस्क स्क्रूड्रायव्हरशिवाय बाहेर येते, कॅपॅसिटर फुगलेला बोर्ड क्वचितच दिसतो. याच्या आधीचं ७०१० हे मॉडेल थोडं स्वस्त मिळतं, पण त्यातल्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ (आकडेमोड झटपट करणाऱ्या सूचनांचा संच) नाही. अलीकडचे काही गेम त्याच्यावाचून सुरूच होत नाहीत. ९०२० मधल्या चौथ्या पिढीत ते आहे, त्यामुळे वरचे पैसे देऊन ९०२०च घ्यावा.

घेताना काय तपासायचं

एकाच नंबरचं मशीन वेगवेगळ्या आकारांत येतं. गेमसाठी मिनी टॉवरच घ्या. आडवं, चपटं स्मॉल फॉर्म फॅक्टर मॉडेल टेबलावर छान दिसतं, पण त्यात फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) २५५ वॅटचा असतो आणि कार्डाची गरम हवा बाहेर पडायला जागाच नसते. टॉवरमध्ये एसएमपीएस २९० वॅटचा आहे आणि पूर्ण उंचीचं कार्ड बसतं.

दुकानातच करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. पॉवरची वायर लावा आणि मशीन सुरू न करता मागच्या बाजूला एसएमपीएसवरचं छोटं बटण दाबा. शेजारचा हिरवा दिवा लागला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. लोडखाली तो टिकेल का, हे यातून कळत नाही, पण मेलेला असेल तर तिथल्या तिथे कळतं. मग मशीन सुरू करून एफ१२ दाबा आणि यादीतून डायग्नोस्टिक्स निवडा. डेलची ही तपासणी बायॉसमध्येच (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच) असते, विंडोज लागत नाही. पंखा, रॅम आणि डिस्क तिघांची परीक्षा होते. २०००-०१४२ हा कोड आला तर हार्ड डिस्क नापास झाली आहे. दुकानदार ‘चालेल हो, नवीन विंडोज टाकून देतो’ म्हणाला तरी ती डिस्क घेऊ नका.

कॅबिनेटवर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो डेलच्या सपोर्ट साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून कोणत्या प्रोसेसरसह, किती रॅमसह आणि कधी निघालं ते दिसतं. बायॉसमधला टॅग आणि स्टिकरवरचा टॅग वेगळा असेल तर बोर्ड बदललेला आहे. त्यात लगेच वाईट काही नाही, पण भाव करताना हे माहीत असलेलं बरं. बायॉसला जुन्या कंपनीचा पासवर्ड आहे का, तेही पाहा. असेल तर बोर्डवरचा पासवर्डचा जंपर काढून तो घालवता येतो. हे काम दुकानदाराकडूनच करून घ्या.

सीमॉसचा (घड्याळ आणि बायॉसची सेटिंग राखणारा) सेल, म्हणजे सीआर२०३२, इतक्या वर्षांत हमखास उतरलेला असतो. लक्षण साधं आहे. मेन स्विच बंद करून पुन्हा सुरू केलं की तारीख मागे जाते, ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणून दाखवतो आणि कधी कधी बूटची पद्धत मूळ सेटिंगवर गेल्यामुळे ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो. विंडोज बिघडलं म्हणून पुन्हा टाकत बसण्यापेक्षा हा सेल बदला. किराणा दुकानातही मिळतो.

कार्ड घेण्याआधी हे आकडे पाहा

गेम अडकतो म्हणजे नक्की काय होतं, हे पडद्यावर आकडे दिसल्याशिवाय कळत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत येणारा रिवाट्यूनर टाका. गेम चालू असताना कोपऱ्यात हे दिसू द्या: जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगेचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), एकूण रॅम, प्रोसेसरचं तापमान आणि क्लॉक (त्याचा चालू वेग). सोबत फ्रेमटाइमचा (एक फ्रेम तयार व्हायला लागलेल्या वेळेचा) आलेख ठेवा. एफपीएसचा सरासरी आकडा फसवतो. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आलेखात मधेच १०० मिलिसेकंदांचा सुळका उठला तर सरासरी ५८ दिसत असली तरी डोळ्यांना झटका जाणवतोच.

जीपीयू ९५ ते ९९ टक्के आणि प्रोसेसर निवांत असेल, तर कार्डाची ताकद संपली आहे. सावल्या कमी करा, रिझोल्यूशन उतरवा, एफपीएस लगेच वाढतो. आपल्याकडे अजून कित्येक घरांत १३६६ गुणिले ७६८ चा साडेअठरा इंची मॉनिटर आहे. त्याचे पिक्सेल १०८०पीच्या जेमतेम निम्मे, म्हणून त्यावर साधं कार्डही छान चालतं. अशा मॉनिटरसाठी भारी कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया.

उलट जीपीयू ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतो आहे आणि प्रोसेसरचे सगळे थ्रेड शंभराला टेकले आहेत, असं दिसलं तर नवीन कार्डाने काही होणार नाही. आय५-४५७० किंवा ४५९० मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. जीटीए ५ सारख्या गेममध्ये वाहतूक, माणसं, फिजिक्स आणि ग्राफिक्स ड्रायव्हर सगळे त्या चारांवर तुटून पडतात. इथे रिझोल्यूशन कमी करून फायदा शून्य. गर्दी, वाहतुकीची दाटी आणि लांबचं दृश्य यांच्या सेटिंग कमी करा. त्याहून मोठा फरक पडतो तो एफपीएसला लगाम घातल्याने. रिवाट्यूनरमध्ये मर्यादा ६० ठेवा. मोकळा सोडला तर हा प्रोसेसर ८५-९० एफपीएस काढायला धडपडतो, शंभर टक्के भरतो आणि मागून आलेलं प्रत्येक छोटं काम फ्रेम अडवून ठेवतं. लगाम घातला की प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते आणि आलेख सपाट होतो. आकडा कमी दिसतो पण गेम जास्त गुळगुळीत चालतो. आय७ मध्ये कोअर चारच असले तरी थ्रेड आठ आहेत, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी होतो.

जीटीए ५ ची २०२५ मध्ये आलेली एन्हान्स्ड आवृत्ती इथे चांगली कसोटी आहे. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने तिच्यासाठी किमान म्हणून आय७-४७७०, ४ जीबीचं जीटीएक्स १६३० किंवा आरएक्स ६४००, ड्युअल चॅनेलमध्ये (म्हणजे दोन पट्ट्यांत) ८ जीबी रॅम आणि एसएसडी सांगितली आहे. म्हणजे या मशीनचा वरचा प्रोसेसर हाच त्या गेमचा खालचा उंबरठा. आय५वाल्यांनी जुनी आवृत्तीच चालवावी.

व्हीरॅम भरली की लक्षण वेगळं दिसतं. एका जागी उभे असताना सगळं छान चालतं, पण मान वळवली किंवा नवीन भागात शिरलो की अर्ध्या सेकंदाचा धक्का बसतो आणि भिंतींवरचं चित्र आधी धूसर, मग स्पष्ट होतं. ४ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर (भिंती-जमिनीवरच्या चित्रांची सेटिंग) एक पायरी खाली आणा. एफपीएस फार वाढणार नाही, पण धक्के जातील.

रॅम: एक पट्टी की दोन

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित दुरुस्ती हीच आहे. डीडीआर३-१६०० ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते. दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या की २५.६. दुकानदार ८ जीबीची एकच पट्टी लावून देतो, कारण त्याला तसं परवडतं. ४ जीबीच्या दोन लावल्या तरी गेममधले झटके जाणवण्याइतके कमी होतात, पण आज ८ जीबी तशीही अपुरीच. ८ जीबीच्या दोन घ्या. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून मेमरीच्या पानावर चॅनेलसमोर ‘ड्युअल’ दिसतं का पाहा. ‘सिंगल’ दिसलं तर दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलच्या खाचांत बसल्या आहेत, त्यातली एक हलवा.

पट्टी घेताना दोन ठिकाणी फसायला होतं. पहिलं म्हणजे ‘फक्त एएमडीसाठी’ असलेली ८ जीबीची स्वस्त पट्टी. ती या इंटेल बोर्डावर चालत नाही. दुसरं, सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम. तीही अगदी स्वस्त मिळते, खाचेत बसतेसुद्धा, पण मशीन सुरू होत नाही. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मात्र बिनधास्त लावा.

कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट नेहमी घडते. पावसाळ्यात मशीन काही दिवस बंद राहिलं की सुरू होत नाही, नुसतं पॉवर बटण पिवळं लुकलुकत राहतं. रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढलेला असतो. वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, पट्ट्या काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा, वाळू द्या आणि एकेक पट्टी लावून बघा. खोडरबराने घासणं आपल्याकडे सर्रास चालतं आणि त्याने काम होतंही, पण त्याचा भुगा खाचेत पडू देऊ नका आणि जोर लावू नका. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो.

गेम मधेच बंद पडून डेस्कटॉपवर येत असेल किंवा निळा पडदा दरवेळी वेगळं कारण सांगत असेल, तर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एकही चूक आली तर ती पट्टी बाद. एखादीच चूक आहे, चालून जाईल, असं इथे नसतं.

डिस्क

मूळ ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर विंडोज १० आणि मोठा गेम एकत्र ठेवणं म्हणजे दुखणं विकत घेणं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के आणि वेग मात्र सेकंदाला दोन-चार एमबी असं दिसलं, तर वाचणारं डोकं इकडून तिकडे धावण्यातच तिचा वेळ जातो आहे. साटा एसएसडीने हे संपतं. बोर्डावर सेकंदाला ६ गिगाबिटचे साटा पोर्ट आहेत, त्यामुळे ५०० ते ५५० एमबीपर्यंत वेग मिळतो आणि या मशीनला तेवढा पुरतो. पीसीआयई अडॅप्टरवर एनव्हीएमई (साटाहून वेगवान एसएसडी) लावता येते, पण तिच्यावरून थेट बूट होईलच अशी खात्री धरू नका. साटाचीच घ्या, डोक्याला ताप नको.

जुनी डिस्क ठेवणार असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फो लावून तिच्या नोंदी बघा. रिअलोकेटेड सेक्टर किंवा करंट पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर गेले असतील तर फोटो आणि कागदपत्रं आजच दुसरीकडे हलवा. अल्ट्रा डीएमए सीआरसी एररचा आकडा वाढतो आहे आणि बाकी सगळं शून्य आहे, असं असेल तर डिस्क बहुधा निर्दोष, साटा केबल खराब. केबल बदलली की संपलं. ही केबल न बदलता डिस्क बदलणारे पुष्कळ आहेत.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. डेलच्या बायॉसमध्ये साटाची पद्धत मुळात ‘रेड ऑन’ (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडण्याची) असते. विंडोज टाकून झाल्यावर ती थेट एएचसीआयवर (एकेका डिस्कच्या साध्या पद्धतीवर) नेली तर मशीन निळ्या पडद्यावर अडकतं. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या पानावर सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करताना एफ२ दाबून बायॉसमध्ये एएचसीआय निवडा, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडू द्या, मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा. नवीन एसएसडीवर कोरं विंडोज टाकणार असाल तर आधी एएचसीआय आणि युईएफआय (नव्या पद्धतीचं) बूट लावून घ्या, मगच पेन ड्राइव्ह लावा.

गरम होणं

अर्ध्या तासाने एफपीएस कोसळतो, याचं कारण ऐंशी टक्के वेळा दगड झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यामधला लेप) असते असं म्हटलं तरी ते फार चुकणार नाही. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःच क्लॉक उतरवतो. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर ‘येस’ दिसतं. आय७-४७७० चारही कोअर लोडवर असताना ३.७ गिगाहर्ट्झला आणि आय५-४५७० हा ३.४ ला टिकला पाहिजे. त्याखाली घसरत असेल आणि तापमान ९५च्या पुढे असेल तर झाकण उघडायची वेळ झाली. तापमान कमी आहे, तरी क्लॉक ०.८ गिगाहर्ट्झलाच चिकटून आहे, असं दिसलं तर आधी विंडोजचा पॉवर प्लॅन बघा. ऑफिसातून आलेल्या मशीनवर तो बऱ्याचदा बचतीवर ठेवलेला असतो.

पेस्ट बदलण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढा. हीटसिंकचे चार स्क्रू एकदम एका बाजूचे न काढता तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. हीटसिंक सरळ वर ओढू नका, हलकं पिळून सोडवा. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने चकचकीत होईपर्यंत पुसा. मधोमध मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, दाब दिला की ती आपोआप पसरते. जास्त लावली की कडेने बाहेर येते आणि धूळ धरते, थंडावा वाढत नाही. हीटसिंकच्या पात्यांत ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. एवढं झाल्यावर गेममध्ये ७० ते ८० अंश म्हणजे उत्तम. या पिढीत इंटेलने प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डरऐवजी पेस्टच वापरली आहे, त्यामुळे त्याहून फार थंड होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

बाजारातला मोठा कूलर लावायचा मोह होईल. पण डेलच्या प्रोसेसर पंख्याचा प्लग पाच पिनांचा आहे. साधा चार पिनांचा पंखा लावला की दर वेळी सुरू होताना पंखा बिघडल्याची सूचना येते आणि एफ१ दाबावं लागतं. अडॅप्टर मिळतो, पण मूळ पंखा साफ केला तर ८४ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरतो.

एसएमपीएस आणि कार्ड

या मशीनची खरी मर्यादा इथे आहे आणि आमचा मुख्य आक्षेपही यावरच. डेलने बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा प्लग न देता स्वतःचा ८ पिनांचा दिला. मूळ २९० वॅटच्या एसएमपीएसमधून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी ६ पिनांची वायर येत नाही. म्हणून कार्डाला जी काही वीज मिळणार ती स्लॉटमधूनच, म्हणजे जास्तीत जास्त ७५ वॅट.

दुकानात यावर ‘साटातून ६ पिन’ अशी जोडवायर देतात. ती घेऊ नका. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ६ पिनांच्या कार्डाला ७५ वॅट ओढायची मुभा असते. प्लग वितळतो, वास येतो आणि नशीब वाईट असेल तर शेजारची डिस्कही जाते. आरएक्स ५८० च्या २०४८एसपी आवृत्त्या स्वस्तात दिसतात, पण त्या या एसएमपीएसवर चालवायच्या नाहीत. तेवढं मोठं कार्ड हवंच असेल तर चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एटीएक्स (बाजारात मिळणारा नेहमीचा) एसएमपीएस आणि २४ ते ८ पिनांचा अडॅप्टर घ्या. मिनी टॉवरमध्ये तो बसतो. फक्त त्या खर्चाची बेरीज आधी करा.

७५ वॅटच्या आत आमची पहिली पसंती जीटीएक्स १६५०, पण ६ पिनांचा प्लग नसलेलं आणि आखूड, एका पंख्याचं. याच नावाची बरीच कार्डं प्लगसह येतात, फोटो नीट बघून घ्या. जीटीएक्स १०५० टीआय वापरलेलं खूप मिळतं आणि व्हॅलोरंट, सीएस२, जुन्या जीटीए ५ साठी पुरतं. मात्र एनव्हीडियाने २०२५ च्या ऑक्टोबरनंतर त्या पिढीचे नवे गेम ड्रायव्हर थांबवले, आता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटमध्ये बसतं आणि या मशीनमध्ये लावण्यासारखं सर्वात जोरकस कार्ड तेच, पण ते मशीनपेक्षा महाग पडतं आणि प्रोसेसर त्याला पूर्ण न्याय देत नाही. आरएक्स ६४०० टाळा. ते चारच लेन वापरतं आणि पीसीआयई ४.० साठी बनलेलं आहे. इथे ३.० असल्यामुळे वाट अर्धी होते आणि ४ जीबी भरली की धक्के बसतात.

जीटी ७३० वर ‘४ जीबी ग्राफिक्स’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका, या कार्डावर तेवढी मेमरी कामालाच येत नाही. जीटी १०३० तर दोन प्रकारांत येतं. जीडीडीआर५चं सेकंदाला ४८ जीबी मेमरीवेग देतं, डीडीआर४चं १६.८. खोक्यावर नाव एकच.

वापरलेलं कार्ड घेताना जीपीयू-झेड लावून बघा. जुन्या जीटीएस ४५० सारख्या चिपचा बायॉस बदलून १०५० टीआय म्हणून खपवलेली कार्डं बाजारात आहेत. जीपीयू-झेड त्यांच्या नावाआधी ‘फेक’ असं दाखवतं. त्याच पानावर बस इंटरफेसची ओळ वाचा. शांत असताना १.१ दिसणं बिघाड नव्हे, कार्ड वीज वाचवत असतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू केली की ते एक्स१६ ३.० वर यायला हवं. एक्स४ २.० दिसलं तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. ते सोळा लेनच्या निळ्या स्लॉटमध्ये हलवा.

आणि मॉनिटरची वायर कार्डाला लावा, बोर्डाला नको. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण ‘कार्ड लावूनही फरक नाही’ या तक्रारीचं हे फार मोठं कारण आहे. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असतं आणि या कार्डांवर व्हीजीए नसतं, म्हणून लोक बोर्डाच्याच निळ्या पोर्टात वायर ठेवतात. एचडीएमआय ते व्हीजीए असा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. नुसती सरळ वायर चालत नाही.

गेममध्ये मशीन एकदम बंद पडून स्वतःच पुन्हा सुरू होत असेल, निळा पडदा येत नसेल आणि तापमान ठीक असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नेल-पॉवर ४१ ही नोंद कारण सांगत नाही, वीज अचानक गेली एवढंच सांगते. लाइट गेल्यावर यूपीएस असूनही मशीन बंद पडत असेल तर त्याचं कारण बऱ्याचदा स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट असते. ती या एसएमपीएसला मानवत नाही, आणि गेमच्या लोडवर तर अजिबात नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीनमध्ये काही शोधू नका, भिंतीतलं अर्थिंग तपासून घ्या.

विंडोज

चौथ्या पिढीला विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही आणि विंडोज १० च्या मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तिच्यात नोंदणी करा. तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी ते करू नये. विंडोज ११ वर त्याचं व्हॅनगार्ड (फसवून खेळणाऱ्यांना रोखणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट मागतं, आणि या बोर्डावर टीपीएम १.२ आहे. गेम उघडणारच नाही.

जुनं कार्ड काढून नवं लावताना डीडीयू (ड्रायव्हर काढणारं सॉफ्टवेअर) सेफ मोडमध्ये चालवून आधीचा ड्रायव्हर मुळापासून काढा. एक्सबॉक्स गेम बारमधलं मागे चालणारं रेकॉर्डिंग बंद करा, आय५ वर त्याचा भार जाणवतो. रजिस्ट्री साफ करणारी, रॅम ‘वाढवणारी’, एका क्लिकमध्ये एफपीएस दुप्पट करून देणारी सॉफ्टवेअर एकही टाकू नका.

कोणी घ्यावं? ज्याला व्हॅलोरंट, सीएस२, जुनी जीटीए ५ आणि २०१८-१९ पर्यंतचे मोठे गेम खेळायचे आहेत, अभ्यासही त्याच मशीनवर करायचा आहे आणि हाताने स्क्रू उघडायची तयारी आहे, त्याने जरूर घ्यावं. खर्चाचा क्रम एसएसडी, दुसरी रॅम पट्टी, पेस्ट, आणि मग उरलेल्या पैशांत कार्ड असा ठेवावा. ज्याला सायबरपंक २०७७ सारखे गेम चालवायचे आहेत, त्याने इथे पैसे घालू नयेत. २.० अपडेटनंतर त्याची किमान अट आय७-६७०० झाली आहे. इंडियाना जोन्स आणि डूमचा २०२५ चा भाग तर हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांची आकडेमोड कार्डानेच करण्याच्या सोयीशिवाय) सुरूच होत नाहीत, त्यामुळे जीटीएक्स १६५० तिथे बादच. त्या गिऱ्हाइकाने निदान सहा कोअरचा प्रोसेसर आणि नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस असलेलं वापरलेलं मशीन शोधावं. पुढे त्यात एकेक भाग बदलत जाता येतो, ९०२० मध्ये ती सोय नाही.